कादंबरी वहीत लिहू की थेट टाइप करू? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात आयटीत नोकरीला आहेत, दिवसभर इंग्रजीत टाइप करतात आणि गेल्या वर्षीपासून मराठीत कादंबरी लिहायला घेतलीय. लॅपटॉपवर लिहितात, इंग्रजी अक्षरं दाबायची आणि खाली मराठी शब्द येतो त्यातून निवडायचा, त्या पद्धतीने. दोन प्रकरणं झाली, तिसऱ्यात अडकली ती अडकलीच. कुणीतरी ज्येष्ठ लेखकाने सांगितलं की कथा-कादंबरी हातानेच लिहायची असते, टाइप केलेल्यात जीव येत नाही. तर वही घ्यावी का? पण अक्षर वाईट आहे, दोन पानांत हात दुखायला लागतो आणि शेवटी टाइप करूनच द्यायचंय तर दुप्पट काम कशाला?

मी कथा लिहिते, एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं आणि संपादनाचं काम बरीच वर्षं करतेय, नव्याने लिहिणाऱ्यांसाठी कार्यशाळाही घेते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. आधीच सांगते, सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर याला नाही. काय लिहिताय, किती मोठं, कुठल्या बोलीत, रोज सलग किती वेळ मिळतो, हात किती साथ देतो, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. उत्तम लिहिणारे दोन्हीकडे आहेत हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि छापलेली कथा वाचून ती वहीत लिहिली होती की लॅपटॉपवर हे मला तरी ओळखता येत नाही. म्हणून "टाइप केलेल्यात जीव नसतो" हे काही मला पटत नाही. पण त्या ज्येष्ठांच्या म्हणण्यात काहीतरी तथ्य आहे, फक्त ते दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि तेच नीट सांगायचा प्रयत्न करते.

तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही सहज लिहून गेलायत, "रोज बसलो की आधी पहिल्यापासून वाचून काढतो, सुधारणा करतो, मग पुढे जातो." अडचण इथे आहे. तासाभरातली चाळीस-पन्नास मिनिटं तुमची पहिल्या दोन प्रकरणांवर जातात, ती इतकी घासून गुळगुळीत झालीत की त्यांच्या शेजारी आज लिहिलेला कच्चा परिच्छेद तुम्हाला बघवत नाही. मग तो खोडता, पुन्हा लिहिता, पुन्हा खोडता. पाया भरता भरता दिवाणखान्याचा रंग काढायला बसल्यासारखं होतं ते. लॅपटॉप याला फार मदत करतो, कारण वर स्क्रोल करायला काहीच कष्ट नाहीत आणि खोडलेलं मागे उरतही नाही. वहीत मागची पानं सुधारायची म्हटली तर गिचमिड होते, कंटाळा येतो, म्हणून माणूस नाइलाजाने पुढे लिहितो. वहीचा पहिला फायदा हा इतका साधा आहे, ती तुम्हाला मागे जायला अवघड करते.

आता दुसरी गोष्ट, आणि ही खास आपल्या मराठीची आहे, इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे सल्ले वाचून ती कळणार नाही. इंग्रजी लेखक जेव्हा हाताने की टाइप असं म्हणतो तेव्हा दोन्हीकडे तो तेच स्पेलिंग लिहित असतो. तुम्ही काय करताय बघा. मनात "केलं" आलं, ते रोमन अक्षरांत वळवलं, बोटांनी दाबलं, खाली केला, केले, केलं, केळा असे पर्याय आले, त्यातला योग्य तो डोळ्यांनी शोधला, निवडला, मग पुढचा शब्द. प्रत्येक शब्दाला छोटीशी परीक्षा. ऑफिसच्या मेसेजला यात काही बिघडत नाही, कारण तिथे काय सांगायचं ते आधीच ठरलेलं असतं, पण कथेत वाक्य कुठे जाणार हे वाक्य लिहिता लिहिताच कळत असतं, तिथे मधेच यादीतून शब्द निवडायला लागला की वाक्याची चाल तुटते. कार्यशाळेत मी असं लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावते, तेव्हा वाक्यं आखूड आखूड झालेली दिसतात, क्रियापदं एकसारखी, आणि लिहिणाऱ्याला वाटत असतं की आपली शैलीच तशी आहे.

बोलीत लिहिणाऱ्यांचं तर आणखी नुकसान होतं. माझी पात्रं कोल्हापूरकडची बोलतात, "न्हाई", "आलतं", "हिकडं" असं. सुचवणीच्या पट्टीत पहिला पर्याय प्रमाण मराठीचा असतो, "नाही", "आलं होतं", "इकडे". विदर्भातल्या माणसाने "मले" लिहायला घेतलं की "मला" पुढे येतो. एकदा-दोनदा आपण हट्टाने दुरुस्त करतो, पण रात्री अकरा वाजता दमलेलो असताना पहिला पर्याय आला तो जाऊ देतो, आणि पानभरानंतर गावातली म्हातारी बातम्या दिल्यासारखी बोलायला लागते. संपादन करताना ही गोष्ट मला वारंवार दिसते. एकाच पात्राच्या तोंडी एका ओळीत "न्हाई" आणि खालच्या ओळीत "नाही", आणि लेखकाला विचारलं तर त्यालाही माहीत नसतं की हे कधी झालं. वहीत पेन असली ढवळाढवळ करत नाही, जे कानाला ऐकू आलं ते उतरतं.

म्हणून माझं पहिलं ठाम मत, मराठीत हाताने की टाइप असा सामना लावण्याआधी टाइप कसं करताय ते बदला. इन्स्क्रिप्ट शिका. १९९१ च्या भारतीय मानकात आलेला हा कळफलक विंडोजमध्ये आधीपासून असतो, सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी घेतली की मिळतो, वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही. रचना एकदा समजली की सोपी आहे, स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के च्या बटणावर क, शिफ्ट धरून तेच दाबलं की ख. आय वर ग, शिफ्टने घ. पाय मोडायचा तो डी वर. ळ हवा तर शिफ्ट धरून एन. आणि "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यातला ऱ्या जो बहुतेकांना छळतो तो शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, मग काना. एका उच्चाराला एक बटण, खाली यादी नाही, निवडणं नाही. फक्त पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर दाबायची हे सुरुवातीला चुकतं, कारण हाताने आपण बरेचदा ती आधी काढतो आणि जुन्या टाइपरायटरवरही ती आधीच यायची. रोज अर्धा तास दिलात तर महिन्याभरात बटणांकडे न बघता लिहाल. ज्यांनी पूर्वी शासनाची मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा दिलीय त्यांना बोटांची वेगळी सवय असते, त्यांनी त्यांचा जुना रेमिंग्टनचा, म्हणजे टाइपरायटरचा कळफलकच युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसते त्या आजच्या पद्धतीत) वापरावा, उगाच नवीन शिकत बसू नये.

आणि ते स्पेलिंग तपासणारं बंद करून टाका. आपल्या भाषेत एका शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी चिकटून केवढाले शब्द होतात, "सांगितल्यावरसुद्धा", "अंगणातल्यासारखं", ते त्या शब्दकोशात नसतात, मग चांगल्या भल्या पानावर लाल रेघांचा सडा पडतो. शुद्धलेखन शेवटी बघायचं. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाला थांबायचं नाही.

हे दोन बदल केले, म्हणजे इन्स्क्रिप्ट आणि मागे न जाणं, की हात आणि कीबोर्ड यातलं अंतर बरंच कमी होतं. तरीही मी माझी कथा पहिल्यांदा वहीतच लिहिते, त्याची कारणं सांगते.

एक म्हणजे खोडलेलं शिल्लक राहतं. कथेत मी पहिल्यांदा लिहिते ते वाक्य, मग त्यावर काट मारून दुसरं, मग तिसरं, आणि दोन आठवड्यांनी वाचताना कितीतरी वेळा पहिलंच बरोबर होतं असं दिसतं. स्क्रीनवर ते गेलेलं असतं. दुसरं म्हणजे जागेची आठवण. डावीकडच्या पानावर खाली कुठेतरी आजोबांच्या घड्याळाचं लिहिलंय, हे हाताला आणि डोळ्याला आठवतं, लांब फाइलमध्ये सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. तिसरं, वहीवर नोटिफिकेशन येत नाही, आणि तुमच्यासारख्या माणसाला हे फार लागू आहे, कारण ज्या लॅपटॉपवर दिवसभर तिकिटं आणि मेल बघितले त्याच पडद्यासमोर रात्री पुन्हा बसलं की मनाचा कल तसाच राहतो. त्या मानाने जागा आणि साधन बदललं की कामातून बाहेर यायला मदत होते. हे सगळ्यांचं होतं असं नाही, काहींना उलट ओळखीचा कीबोर्डच मोकळं करतो.

वही वापरायची माझी पद्धत अशी, लांब दोनशे पानी आखीव वही, फक्त उजव्या पानावर लिहायचं, डावं पान कोरं. नंतर सुचलेली भर, पात्राचं वय, "हे आधी सांगितलंय का बघणे" असल्या खुणा डाव्या पानावर. पूर्वी संपादक लेखकांना कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिहा असं सांगायचे ते जुळारी, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारा, आणि मुद्रितशोधकाच्या सोयीसाठी, पण ती सवय लेखकाच्याही फायद्याची आहे. दर आठवड्याला पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, पावसाळ्यात शाईचं पेन वापरत असाल तर नक्कीच.

आता तुमचा शेवटचा आणि खरा प्रश्न, दुप्पट काम कशाला. माझ्या मते हाताने लिहिण्याचा सगळ्यात मोठा लाभ या दुप्पट कामातच आहे. वहीतून संगणकावर उतरवताना तुम्हाला प्रत्येक वाक्य पहिल्यापासून पुन्हा लिहावं लागतं. नुसतं वाचताना डोळा घसरून जातो, चालवून घेतो. पण एखादा सपक परिच्छेद पूर्ण टाइप करायचा म्हटलं की बोटांनाच कंटाळा येतो, आणि तो कंटाळा खरं सांगत असतो, तो परिच्छेद नकोच आहे. लांबलेली वर्णनं, दोनदा सांगितलेली गोष्ट, पात्राने वाचकाला समजावून सांगायला म्हटलेलं वाक्य, हे सगळं माझ्याकडे टाइप करताना गळतं. थेट टाइप करणाऱ्याला ही दुसरी लिहिणी मिळतच नाही, तो त्याच फाइलमध्ये इकडचा शब्द तिकडे करत राहतो आणि त्याला पुनर्लेखन म्हणतो. ज्येष्ठांनी तुम्हाला जे "जीव" म्हणून सांगितलं ना, ते मला वाटतं हे आहे, त्यांच्या काळात प्रत्येक लिखाणाची पक्की प्रत हाताने काढावीच लागायची, म्हणजे कमीत कमी दोनदा ते पूर्ण लिहिलं जायचं.

यातून दोन गोष्टी निघतात. वहीत लिहून मग दुसऱ्याकडून टाइप करून घेतलंत, किंवा फोटोवरून अक्षर ओळखणाऱ्या अॅपला दिलंत, तर वहीचा निम्मा फायदा गेला. आणि थेट टाइप करून मग प्रिंट काढून, ती शेजारी ठेवून, कोऱ्या फाइलमध्ये पहिल्यापासून पुन्हा टाइप केलंत, तर वही न घेताही हा फायदा तुम्हाला मिळतो. हाताला खरंच त्रास असणाऱ्यांना मी हाच रस्ता सांगते.

हात दुखण्याबद्दल. बॉलपेनला दाब द्यावा लागतो, त्याने अंगठा आणि मनगट लवकर भरून येतं. जेल पेन किंवा शाईचं पेन घ्या, सैल धरा, जाड पकडीचं घेतलंत तर आणखी बरं. शाळेनंतर सलग लिहायची सवय गेलेली असते, तेव्हा सुरुवातीला एकच पान लिहा आणि थांबा, हळूहळू वाढतं. बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी लिहिताना वेळ जातो तो अक्षरागणिक पेन उचलण्यात आणि वरची रेघ ओढण्यात, जुन्या मोडी लिपीत आधी रेघ आखून घेऊन मग शक्यतो हात न उचलता लिहायचे ते याच वेगासाठी. पहिल्या खर्ड्यात शिरोरेघ देऊच नका. म आणि भ, घ आणि ध यांचा घोळ होऊ शकतो, पण संदर्भाने तुम्हाला कळतं, आणि ती वही तुमच्याशिवाय कुणी वाचणार नाहीये, तेव्हा अक्षर वाईट असल्याची काळजी सोडा. मात्र बोटं बधिर होत असतील, मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा आणि हाताने लिहिण्याचा आग्रह धरू नका.

टाइपच करावं असं कधी? कादंबरीत काळ मागेपुढे जात असेल, प्रकरणांचा क्रम बदलायची शक्यता असेल, तर दुसऱ्या खर्ड्यापासून सगळं संगणकावरच हवं, वहीत ते सांभाळणं जिकिरीचं होतं. संवादांनी भरलेले प्रसंग इन्स्क्रिप्ट पक्कं असेल तर मी थेट टाइप करते, कारण माणसं मनात भराभर बोलत असतात आणि पेन मागे पडतं. लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्येच वेळ मिळत असेल तर मोबाइलच बरा, तिथे वही उघडून बसायचा हट्ट कशाला.

बोलून टाइप करायचं म्हणाल तर, मोबाइलवर मराठी चांगलं ओळखलं जातं, पण विरामचिन्हं स्वतःच घालावी लागतात आणि बोलीचं प्रमाण मराठी होऊन बसतं. संवाद मोठ्याने बोलून बघायला मी ते वापरते, लिहायला नाही.

हाताने लिहिलं की मेंदू जास्त चालतो, असे संशोधनाचे दाखले तुम्हाला लोक देतील. त्यातला सगळ्यात गाजलेला अभ्यास २०१४ चा आहे, अमेरिकेतल्या म्युलर आणि ओपनहायमर यांचा, आणि तो विद्यार्थी व्याख्यानाच्या नोट्स कशा काढतात यावर होता. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तसाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठाम दिसला नाही. दुसऱ्याचं बोलणं टिपून घेणं आणि आपल्या मनातून गोष्ट काढणं ही वेगळी कामं आहेत, त्यावरून कादंबरीबद्दल निष्कर्ष काढू नये.

आता तुमच्यापुरतं. पहिली दोन प्रकरणं प्रिंट काढा, फोल्डरमध्ये घाला आणि पूर्ण खर्डा होईपर्यंत उघडू नका, ती फाइलसुद्धा डेस्कटॉपवरून हलवा. तिसऱ्या प्रकरणात जिथे अडकलात तो प्रसंग सोडून द्या, त्याच्या पुढचा, जो तुम्हाला स्वच्छ दिसतोय, तो वहीत लिहायला घ्या. मागचं नाव, तारीख, गाव आठवत नसेल तर फुली मारून पुढे जा. रोज संपवताना उद्या काय लिहायचं त्याची एक ओळ डाव्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी मागचं वाचत बसायची गरज पडत नाही, तुमची ती सवय मोडायला याइतकं उपयोगी मला दुसरं काही सापडलेलं नाही. त्याच महिन्यात शेजारी इन्स्क्रिप्टचा सराव चालू ठेवा, पण कादंबरीवर नाही, वर्तमानपत्रातला उतारा घेऊन. प्रकरण पूर्ण झालं की लगेच टाइप करायला घेऊ नका, पुढचं लिहा, निदान तीन-चार प्रकरणं साठू द्या. आणि दोनेक महिन्यांनी असं दिसलं की वहीत तुमचं काहीच पुढे सरकत नाहीये आणि कीबोर्डवर बोटं सुटलीत, तर खुशाल वही बंद करा, मात्र मागे न जाणं आणि दुसऱ्यांदा पूर्ण टाइप करणं हे दोन नियम ठेवा.

हस्तलिखित पाठवलं तर चालतं का असंही विचारलंय. कादंबरीला प्रकाशक आता टाइप केलेलंच मागतात. दिवाळी अंकांचं साहित्य साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत मागवतात, बहुतेकांना युनिकोडमधली वर्ड फाइल हवी असते, काही संपादक ज्येष्ठ लेखकांची हस्तलिखितं अजून घेतात, पण नव्या लेखकाने फोन करून विचारल्याशिवाय पाठवू नये. युनिकोडमध्येच द्या, जुन्या फॉन्टमध्ये नको. आणि छपाईसाठी काही ठिकाणी पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर होतं, त्यात "दऱ्या" चा "दर्या" होऊन येतो, तेव्हा शेवटचं प्रूफ स्वतः मागून घ्या आणि त्यातले सगळे ऱ्य आणि ऱ्ह एकदा नजरेखालून घाला.